तुझा दोन रकान्यांचा कागद

औंध, पुणे
फेब्रुवारी

चि. लेकीस,
अनेक आशीर्वाद.

परवा आलीस, चहा गार होईपर्यंत बोललीस आणि जाताना तो कागद माझ्या टेबलावर विसरून गेलीस. विसरलीस की मुद्दाम ठेवलास ते तुलाच ठाऊक. मधोमध उभी रेघ, डावीकडे पुणे, उजवीकडे जर्मनीतलं ब्रेमेन, जिथे तू ऑक्टोबरात जायचं म्हणतेस. भाडं, पगार, हवा, जेवण, आरोग्य, स्वच्छता, आईबाबा, एकटेपणा. प्रत्येकाला दहापैकी गुण, आणि खाली बेरजेसाठी मोकळी जागा. शिक्षिकेची मुलगी शोभतेस.

"मावशी, तू दोन्हीकडे राहतेस, मग खरं सांग, बरं कुठे?" असं विचारलंस तेव्हा मी बिस्किटांचा डबा पुढे केला. उत्तर टाळलं, हे तुझ्याही लक्षात आलं असणार. तेव्हा हे पत्र.

आमचा मुक्काम तुला माहीत आहे. नोव्हेंबर ते मार्च इथे, बाकीचे महिने तिथे. त्यात राहते कुठे तर ब्रेमेन चौकाजवळ, यावर तुझे काका अजून हसतात. दोन शहरांच्या मैत्रीची आठवण म्हणून चौकाला ते नाव आहे, पण रोज तिथून जाणाऱ्या शंभर माणसांना विचार, किती जणांना माहीत असतं ते. एका रिक्षावाल्याने मला विचारलं होतं, "ताई, हे ब्रेमेनसाहेब कोण? इंग्रज होते का?" मी म्हटलं, गाव आहे, जर्मनीतलं, मी तिथेच असते. त्याने आरशातून माझ्याकडे बघितलं आणि मीटर पडलाय ना याची खात्री करून घेतली.

आम्ही १९९५ साली गेलो. पोचलो तो शनिवार होता, दुपारचे तीन वाजून गेले होते. सामान टाकून दूध-पाव आणायला खाली उतरलो तर रस्ता संचारबंदी लागल्यासारखा. त्या काळी तिथली दुकानं साधारण शनिवारी दुपारी दोनला बंद व्हायची ती सोमवारी सकाळीच उघडायची. दीड दिवस आम्ही बेसनाचे लाडू, चिवडा आणि नळाच्या पाण्यावर काढला. रविवारी काकांना रेल्वे स्टेशनातल्या दुकानात केळी मिळाली तर त्यांनी ती अशी आणली, जणू नारळ-शाल मिळाली आहे.

पुढच्याच वर्षी दुकानांच्या वेळा वाढल्या, पण रविवार अजून तसाच आहे. तो दुकानदाराच्या मर्जीचा विषय नाही. १९१९ च्या वायमार राज्यघटनेने रविवारला विश्रांतीचा आणि मनाच्या उन्नतीचा दिवस म्हणून संरक्षण दिलं, आणि १९४९ च्या राज्यघटनेने ते कलम तसंच्या तसं आपल्यात घेतलं. आमच्या इमारतीच्या नियमावलीत तर दुपारी एक ते तीन शांततेची वेळ होती. रात्री दहानंतर होतीच होती. जिन्यात टाचणीने लावलेल्या चिठ्ठ्या असायच्या, "सायकल इथे लावू नये, यापूर्वीही सांगितले आहे" अशा. आपल्या पेठांमधल्या दुकानांच्या एक ते चारवर अख्खा महाराष्ट्र विनोद करतो ना? सदाशिव पेठेत बालपण गेलेल्या मला ते घर पहिल्या आठवड्यातच ओळखीचं वाटलं. फक्त चिठ्ठ्यांमध्ये टोमणे कमी होते.

आणि स्टेशनामागे एक विटांचा हत्ती आहे, दहा मीटर उंच. पहिल्यांदा दिसला तेव्हा मला इतका आनंद झाला की मी काकांना तिथे उभं करून फोटो काढला. आपलं कोणीतरी भेटल्यासारखं. काही महिन्यांनी कळलं की तो १९३२ साली जर्मनीच्या आफ्रिकेतल्या वसाहतींच्या आठवणीसाठी उभारला होता, आणि नंतर कित्येक दशकांनी शहराने त्याचं नातं उलटं करून त्याला वसाहतवादाविरुद्धचं स्मारक ठरवलं. गेलीस की बघ. हत्ती दिसला म्हणून आपला, असं मात्र धरून चालू नकोस. मी बरंच काही असं धरून चालले होते.

त्यातली सगळ्यात महाग पडलेली गोष्ट सांगते, कारण तुझ्या कागदावरच्या 'एकटेपणा' या ओळीशी तिचा संबंध आहे. त्या ओळीत तू पुण्याला नऊ दिलेस आणि ब्रेमेनला दोन.

१९९८ चा जानेवारी. काका सासऱ्यांच्या वर्षश्राद्धाला पुण्यात आलेले, मी एकटी. रात्री पोटात असह्य दुखायला लागलं. ११२ ला फोन केला, रुग्णवाहिका आली, पहाटेपर्यंत अपेंडिक्स काढून झालं. पैसे कोण भरणार, अनामत किती, बरोबर कोण आहे, यातलं काहीही कुणी विचारलं नाही. विम्याचं कार्ड घेतलं, संपलं. आजही तिथे सरकारी विमा असलेल्या माणसाला इस्पितळात दिवसाचे १० युरो भरावे लागतात, तेही वर्षाला जास्तीत जास्त २८ दिवसांचे. आजारपणात कंपनी सहा आठवडे पूर्ण पगार देते. तुझ्या 'आरोग्य' या ओळीला तू ब्रेमेनला आठ दिलेस, मी नऊ देईन. पुण्यात इस्पितळाच्या काउंटरवर मध्यरात्री एटीएमचं कार्ड हातात घेऊन उभं राहिलेल्या कुणालाही विचार.

पण पुढचे पाच दिवस मला भेटायला कोणीही आलं नाही. शेजारच्या खाटेवरच्या बाईकडे रोज चार माणसं, फुलं, केक. माझ्याकडे फक्त खिडकी, आणि खिडकीत तो उत्तर जर्मनीचा करडा पाऊस. मी मनातल्या मनात सगळ्या ऑफिसला पत्रं लिहिली. बंदरातून माल पाठवणाऱ्या कंपनीच्या हिशेबखात्यात होते मी, तीन वर्षं एकाच टेबलाशी डबा खाल्लेली माणसं! शेवटी ठरवलं, ही माणसंच गार.

कामावर परतले तेव्हा माझ्या समोर बसणारी बाई माझ्यावर चक्क चिडली. "तू कळवलं का नाहीस? मी म्हटलं नव्हतं का, झाग बेशाइट?"

झाग बेशाइट म्हणजे 'कळव हं'. ती ते मला महिन्यातून दोनदा म्हणायची. काही लागलं तर कळव. जड सामान आणायचं असेल तर कळव. आणि मी ते आपल्या 'या कधीतरी घरी'च्या खात्यात जमा करत होते. पुण्यात दारात चपला घालताना कोणी 'या हं कधीतरी' म्हटलं तर त्याचा अर्थ 'निघा आता' असा असतो हे आपल्याला बाळकडूतच मिळतं. तिथे कळव म्हणजे कळव. मी ऑफिसला फक्त आजारी असल्याचं सांगितलं होतं, कारण सांगायची सक्ती तिथे नसते आणि विचारायचा अधिकारही कुणाला नसतो. मी काही मागितलं नाही, म्हणजे मला कुणी यायला नको आहे, असं त्यांनी समजून घेतलं आणि माझ्या त्या इच्छेचा मान राखला. माझी तशी इच्छा नव्हती, हे त्यांना कसं कळावं? ती बाई दोन ट्रामथांब्यांवर राहत होती. तिच्याकडे गाडी होती.

एवढी साधी गोष्ट समजायला मला टाके पडावे लागले.

त्यानंतर मी मागायला शिकले. पहिल्यांदा मागितली ती शिडी. दिवा बदलायचा होता, तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंचं दार वाजवलं. त्या शिडी घेऊन वर आल्या, मी चढले तेव्हा धरून उभ्या राहिल्या, आणि उतरल्यावर म्हणाल्या, जुलैत मी तीन आठवडे नाही, माझ्या कुंड्यांना पाणी घालशील? बस. तिथून आमचं जे जमलं ते आजतागायत. आता त्या ऐंशीच्या पुढे आहेत आणि त्यांची शिडी माझ्याकडे आहे.

इकडची गंमत नेमकी उलटी.

२०११ च्या पावसाळ्यात माझे बाबा याच घरात बाथरूममध्ये पडले. मला फोन यायच्या आधी समोरच्या काकूंनी त्यांना रिक्षात घालून नेलं होतं, अनामत स्वतःच्या पैशांनी भरली होती, माझ्या भावाला नाशिकहून बोलावून घेतलं होतं. मी फ्रँकफर्ट, मुंबई, मग टॅक्सी करत पोचले तोवर बाबांच्या खाटेशी तीन डबे होते आणि पाळ्या लावून झाल्या होत्या. मी कुणालाही काही मागितलं नव्हतं. मागायची वेळच आली नाही.

आता त्याच काकूंची दुसरी बाजू. आम्ही वर्षातले पाच महिने इथे राहायला लागलो तेव्हा त्या सकाळी सातला बेल वाजवून आत यायच्या. फ्रीज उघडून बघायच्या. हे कितीला घेतलं, ते कितीला. तुमचं पेन्शन युरोत येतं का. मूल का होऊ दिलं नाही, हेसुद्धा, आणि तेही माझ्या साठीच्या उंबरठ्यावर. एके दिवशी मी अतिशय गोड आवाजात म्हटलं, "काकू, येण्याआधी एक फोन करत जाल का?" ब्रेमेनमध्ये हे वाक्य सौजन्याचं आहे. औंधच्या जिन्यात ते दार आपटल्यासारखं वाजलं. काकू यायच्या बंद झाल्या. दीड वर्ष लिफ्टमध्ये नुसतं हसू, तेसुद्धा मोजून.

मागच्या वर्षी पाय मुरगळून मी पंधरा दिवस घरात बसले. दूधवाल्याने काकूंना सांगितलं. माझा फोन वाजला. "येऊ का?" काकूंचा आवाज. तो आवाज मला फोनमधूनही येत होता आणि दारामागूनही. मऊ भाताचा डबा घेऊन त्या आमच्या दाराबाहेर उभ्या राहून फोन करत होत्या. मी लंगडत जाऊन दार उघडलं, आणि आम्ही दोघी त्या फोनबद्दल अवाक्षर बोललो नाही.

माझं चुकलं ते मागणं नव्हे, रीत चुकली. सकाळी सातला कुणी घरात नको, ही माझी इच्छा रास्तच होती. पण इथे 'नको' असं सरळ पुढ्यात ठेवत नाहीत. "काकू, आत्ता अंघोळीलाच निघाले होते, तासाभराने मीच येते तुमच्याकडे," म्हणायचं आणि खरोखर जायचं. चार वेळा गेलं की त्यांनाही वेळ कळते. इतकं साधं मला माझ्या आईने कधीच शिकवलं होतं, आणि तिकडच्या वर्षांत ते माझ्या अंगातून निघून गेलं होतं. जसं इथून जाताना मागणं माझ्या अंगात नव्हतं.

तिथे मागावं लागतं, इथे आवरावं लागतं. तुझ्या कागदावर यासाठी ओळ नाही आणि गुण कसे द्यायचे तेही मला सुचत नाही. पण रोजचा दिवस बरा गेला की वाईट, हे मला तरी दोन्हीकडे यावरच ठरताना दिसलं. भाड्यावर नाही.

'स्वच्छता': ब्रेमेन नऊ, पुणे चार. याच्याशी मी भांडणार नाही. मुळेच्या पुलावरून नाकाला पदर लावून जाणाऱ्या बाईने बरोबरीचा आव आणू नये. पण कचऱ्याबद्दल मला थोडं बोलायचं आहे, कारण स्वयंपाकघर आवरणाऱ्या माणसाला शहर कचऱ्यातून जास्त कळतं.

ब्रेमेनमध्ये कागदाचा डबा वेगळा, भाजीपाल्याच्या सालींचा वेगळा, वेष्टनांची पिवळी पिशवी वेगळी, उरलेल्याचा डबा वेगळा. काच चौकातल्या टाकीत, पांढरी, तपकिरी आणि हिरवी निरनिराळी. तीसुद्धा रविवारी टाकायची नाही, आवाज होतो. मी टाकली होती. समोरच्या खिडकीतल्या आजोबांनी जे सुनावलं त्यातले तीन शब्द तेव्हा मला येत नव्हते, बरंच झालं. पाण्याच्या प्लॅस्टिकच्या बाटलीवर २५ सेंट अनामत असते, बाटली दुकानातल्या यंत्रात परत घातली की मिळते. संध्याकाळी स्टेशनजवळ नीटनेटका कोट घातलेली म्हातारी माणसं टॉर्च घेऊन कचऱ्याच्या डब्यात वाकलेली दिसतात, ती या बाटल्यांसाठी. पेन्शन पुरत नाही. म्हणून समजूतदार लोक बाटली डब्यात टाकत नाहीत, डब्याशेजारी उभी करून ठेवतात. तूही तसंच कर. त्या माणसांकडे टक लावून बघू नकोस आणि हातात देऊही नकोस. नुसती ठेव आणि चालू लाग.

इथे आमच्या मजल्यावर 'स्वच्छ'च्या ताई येतात. पुण्यातल्या कचरावेचकांनी १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही आपली संघटना बांधली, आणि त्यातून २००८ साली 'स्वच्छ' ही त्यांची सहकारी संस्था उभी राहिली, हे तुझ्या पिढीला कोणी सांगितलं असेल असं मला वाटत नाही. ओला वेगळा, सुका वेगळा, पॅड कागदात गुंडाळून वर लाल खूण. सुक्यातलं जे विकलं जातं ते त्यांचं. इतक्या वर्षांत ब्रेमेनमध्ये माझा कचरा कोण नेतं त्याचं तोंड मी पाहिलेलं नाही. रात्री डबा बाहेर ठेवायचा, सकाळी रिकामा. इथल्या ताई मला विचारतात, "पाहुणे आले होते का हो?" कचऱ्यावरून ओळखतात. या दोनांतलं तुला काय आवडेल ते तुझं तू ठरव. मला स्वतःला महिन्याच्या कोणत्या दिवशी विचारलंस त्यावर उत्तर बदलतं.

आणखी एक. तुझ्या कागदावर 'घरकाम' ही ओळच नाही. का ते सांगू? कारण तू ते केलेलं नाहीस. तुझ्या घरी पोळ्यांच्या बाई, भांड्यांच्या बाई, इस्त्रीवाले, दूधवाले, गाडी पुसणारा मुलगा, हे सगळे मिळून जो दिवस उभा करतात त्याला तू 'पुणे' म्हणतेस आणि नऊ गुण देतेस. तिथे ते सगळे तूच. पहिल्या हिवाळ्यात कपडे घरात वाळत घालून खिडक्या बंद ठेवशील तर भिंतीवर बुरशी येईल आणि घरमालक तुला जबाबदार धरेल. कडाक्याच्या थंडीतही दिवसातून दोन-तीनदा पाच मिनिटं खिडक्या सताड उघडायच्या. फोडणी करताना तर नक्कीच, छताला धुराचा भोंगा असतो.

याची दुसरी बाजूही आहे आणि ती माझ्या सोसायटीला आवडत नाही. तिकडे आठवड्याचे सहा दिवस काम करणाऱ्याला वर्षाला किमान २४ दिवसांची भरपगारी रजा हा कायदा आहे, म्हणजे चार आठवडे. इथे राहायला लागल्यावर पोळ्यांच्या बाईंना मी तेच लागू केलं. सोसायटीच्या बैठकीनंतर मला बाजूला घेऊन सांगण्यात आलं की मी 'रेट बिघडवते'. मी अजून बिघडवतेच आहे. एवढं एक सामान मी तिकडून आणलं आणि त्यावर सीमाशुल्क लागलं नाही.

पासपोर्टचं तू विचारलं नाहीस, पण पाच वर्षांनी विचारशील, म्हणून आत्ताच. जून २०२४ पासून जर्मनीने दुसरं नागरिकत्व ठेवायला मुभा दिली आणि आठ वर्षांची अट पाचवर आणली. कोणीतरी तुला सांगेल की आता दोन्ही पासपोर्ट ठेवता येतात. जर्मनीच्या बाजूने येतात. आपल्या बाजूने नाही. आपल्या १९५५ च्या नागरिकत्व कायद्याप्रमाणे परक्या देशाचं नागरिकत्व आपणहून घेतलंस की इथलं संपलं. मग ओसीआय कार्ड, परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळतं ते. त्यावर येता येतं, राहता येतं, घर घेता येतं. मत देता येत नाही आणि शेतजमीन विकत घेता येत नाही. माझ्या बाबांचा मुळशीकडचा जमिनीचा तुकडा मला वारसाने मिळाला, तो चालतो. त्याला लागून असलेली पट्टी चुलतभावाने देऊ केली, ती घेता आली नाही.

मी २००८ साली जर्मन नागरिकत्वासाठी सही केली. जमिनीचं फारसं वाटलं नाही. मतदानाच्या दिवशी मात्र वाटतं. अख्खी सोसायटी बोटाला शाई लावून खाली चहा पीत असते, फोटो काढते, आणि मी हात खिशात घालून उभी असते. गंमत म्हणजे ब्रेमेनच्या विधानसभेला एका माणसाला पाच मतं असतात, वाटेल तशी वाटायची. २०११ साली पहिल्यांदा ती पाच मतं हातात आली तेव्हा मी मतपत्रिकेची जाडजूड वही घेऊन बूथमध्ये इतका वेळ बसले की बाहेरच्या बाईंनी काही मदत हवी का म्हणून विचारलं. पाच तिथे, शून्य इथे. याचे गुण कुठल्या रकान्यात घालायचे?

बाकी किरकोळ. राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत पत्त्याची नोंदणी कर, तिच्यावाचून पुढचं काही हलत नाही. वाढदिवसाच्या शुभेच्छा आदल्या दिवशी देऊ नकोस, तिथे तो अपशकुन मानतात. आणि केक ज्याचा वाढदिवस त्यानेच आणायचा असतो, चौकात फ्लेक्स लावायला कोणी येत नाही. मसाले बॅगभर नेऊ नकोस. तुर्की दुकानात भेंडी, कोथिंबीर, डाळी सगळं मिळतं. मेतकूट मात्र ने. श्रीखंडासाठी चक्का टांगत बसू नकोस, तिथे क्वार्क नावाचा प्रकार मिळतो, त्यातला जास्त स्निग्धांशाचा घे, साखर आणि वेलची घाल, झालं. माझ्या ऑफिसात त्याला 'सोमवारचं पिवळं' म्हणायचे.

आईला रोज फोन करू नकोस. ऐकून तिला राग येईल, पण मी तिच्याशी बोलेन. रोजच्या फोनमध्ये जेवलीस का याच्यापुढे कोणी जात नाही. रविवारी कर, नाहीतरी दुकानं बंद असतात. हिवाळ्यात साडेचार तासांचा फरक, उन्हाळ्यात साडेतीन. मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिकडची घड्याळं बदलतात, त्या दिवशी दरवर्षी माझी आई मी विसरले असं समजून रडायची.

आता 'आईबाबा' ही ओळ. डाव्या रकान्यात तू त्यांना दहा दिलेस आणि उजव्यात रेघ मारलीस. मी तो कागद बराच वेळ बघत बसले. मग लक्षात आलं की डाव्या रकान्यातलं जवळजवळ सगळंच त्यांचं आहे. समोरचे शेजारी तुझ्या आईच्या ओळखीचे. औषधवाला बाबांच्या ओळखीचा. डॉक्टर, वायरमन, गॅसवाला, कुणाचाही नंबर तुझ्या फोनमध्ये नाही, मी परवा मुद्दाम विचारलं होतं. आणि उजवा रकाना तू इंटरनेटवरून उतरवलास. राग मानू नकोस, पण दोन्हींत तुझ्या अनुभवाची एकही ओळ मला सापडली नाही. तेवीस वर्षांच्या मुलीकडून ती अपेक्षाही नाही. फक्त मग बेरीज कशाची करायची?

ऑक्टोबरला अजून वेळ आहे. व्हिसाचं सगळं तू करशीलच, व्हिसासाठी वर्षाच्या खर्चाचे ११,९०४ युरो बँकेत अडकवून ठेवायची सोय तुझ्या बाबांनी केली आहे असंही कळलं. त्यातून वेळ काढून शेजाऱ्यांकडे स्वतः जा. आईबरोबर नको, एकटी जा. तुमच्या घराची एक किल्ली त्यांच्याकडे ठेव. औषधवाल्याला सांग की मी यांची मुलगी, मी जाणार आहे, माझा हा नंबर. वॉचमनला नावाने हाक मार. पोळ्यांच्या बाईंना त्यांच्या मुलीचं काय चाललंय ते विचार. तुझे बाबा कधी पाय घसरून पडले तर त्यांना रिक्षात घालणारी माणसं हीच असणार आहेत, आणि त्यांनी तुला ओळखलेलं असलं पाहिजे.

तुझा कागद मी फाडलेला नाही. पाकिटात घालून ठेवला आहे, येशील तेव्हा घेऊन जा. येण्याआधी फोन करायची गरज नाही, फक्त सकाळी सातला येऊ नकोस.

ब्रेमेनला पोचलीस की तिसऱ्या मजल्यावरच्या आजींना भेट. माझी जुनी सायकल त्यांच्या तळघरात आहे, ती तुला ठेवली आहे. जायच्या आठवडाभर आधी त्यांना चिठ्ठी टाक, दिवस आणि वेळ लिहून, आणि एक ते तीनच्या मध्ये अजिबात जाऊ नकोस. बाकरवडी ने, तिखट चालते त्यांना. सायकलला हवा भरावी लागेल, आणि पुढचा ब्रेक एकदम कच्चकन लागतो, पावसात जपून.

तुझी,
मावशी